पॉलिएस्टरची दोन तापमाने

एप्रिल 1930. अमेरिकेतल्या विल्मिंग्टन शहरात, ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत ज्युलियन हिल या तरुण रसायनशास्त्रज्ञाने एका वितळलेल्या लगद्यात कांडी बुडवून वर उचलली. कांडीबरोबर तंतू निघाला. थंड झाल्यावर तो ओढला, तर तुटण्याऐवजी लांबत गेला, आणि जसजसा लांबला तसतसा चिवट आणि रेशमासारखा तुकतुकीत झाला. हिल ज्यांच्या हाताखाली काम करीत होते ते वॉलेस कॅरॉथर्स हे त्या काळातले अव्वल दर्जाचे संशोधक. संपूर्णपणे रसायनांपासून बनलेला असा दमदार धागा जगाने त्याआधी पाहिला नव्हता. तो धागा पॉलिएस्टरचा होता.

पण त्या शोधातून कपडा निघाला नाही. कॅरॉथर्स यांनी बनवलेली बहुतेक पॉलिएस्टर पाणी उकळायच्या आतच वितळत. गरम पाण्याने धुवायला आणि इस्त्री करायला असा धागा कुचकामी. कॅरॉथर्स यांनी पॉलिएस्टर बाजूला ठेवले, पॉलिअमाइडकडे वळले, आणि 1935 मध्ये नायलॉन हाती लागले. त्याचा द्रवणांक 260 अंश सेल्सिअसच्या आसपास होता. एका तापमानामुळे एक धागा फेकला गेला आणि दुसरा जगभर गेला. पॉलिएस्टरची पुढची सारी कहाणी अशाच दोन तापमानांभोवती फिरते. एक वितळण्याचे. दुसरे फारसे कोणाला माहीत नसलेले, पण व्यवहारात त्याहून जास्त महत्त्वाचे, असे माझे मत आहे.

या कहाणीची पार्श्वभूमी थोडी मागे जाते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी 1920 मध्ये मांडले, की रबर, सेल्युलोज यांसारखे पदार्थ हजारो अणूंच्या अखंड लांब साखळ्यांचे बनलेले असतात. तेव्हाच्या मातब्बरांना हे पटले नाही. त्यांच्या मते हे लहान रेणूंचे नुसते पुंजके होते. श्टाउडिंगर पुढची पंधरा-वीस वर्षे भांडत राहिले. नोबेल मिळाले ते थेट 1953 मध्ये. कॅरॉथर्स यांनी ड्यूपाँमध्ये जे आरंभले ते खरे तर याच वादाचा निकाल लावण्यासाठी. एकेक कडी ओळखीची असलेली साखळी आपल्या हाताने जोडायची, म्हणजे शंकेला जागाच उरणार नाही. कॅरॉथर्स जिंकले. पण दीर्घ नैराश्याने खचून 1937 मध्ये, वयाच्या अवघ्या 41 व्या वर्षी त्यांनी आयुष्य संपवले.

त्यांनी सोडून दिलेला धागा उचलला तो इंग्लंडमध्ये, लँकेशायरमधल्या ॲक्रिंग्टन गावी. तिथे कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन या कापड छपाईच्या कंपनीची छोटी प्रयोगशाळा होती. जॉन रेक्स व्हिनफील्ड यांनी कॅरॉथर्स यांचे निबंध बारकाईने वाचले होते. त्यांना एक गोष्ट खटकत होती: कॅरॉथर्स यांनी वापरलेली आम्ले लवचीक, सरळ साखळीची होती. त्यांच्याऐवजी टेरेफ्थॅलिक आम्ल घेतले तर? या आम्लाच्या मध्यभागी बेंझिनचे ताठ, चपटे कडे असते आणि त्याची दोन टोके अगदी समोरासमोर येतात. अशा कड्या साखळीत घातल्या, तर साखळी ताठ होईल, शेजारच्या साखळीला नीट लगटून बसेल, स्फटिक घट्ट होतील आणि ते मोडायला जास्त उष्णता लागेल. जेम्स टेनंट डिक्सन यांना बरोबर घेऊन 1941 मध्ये व्हिनफील्ड यांनी टेरेफ्थॅलिक आम्ल आणि इथिलीन ग्लायकॉल यांचे पॉलिएस्टर बनवले. पहिला नमुना रंग बिघडलेला होता, तरी त्याचा धागा ओढता आला. जुलै 1941 मध्ये पेटंटचा अर्ज गेला. द्रवणांक 250 अंशांच्या पुढे होता.

युद्ध चालू असल्यामुळे हे पेटंट 1946 पर्यंत प्रसिद्धच झाले नाही. पुढे इम्पीरिअल केमिकल इंडस्ट्रीज, म्हणजे आयसीआयने त्याचे ‘टेरिलीन’ केले. अमेरिकेतले हक्क घेऊन ड्यूपाँने ‘डेक्रॉन’ केले. ज्या कंपनीने पॉलिएस्टर आधी टाकून दिले होते, तिलाच ते विकत घ्यावे लागले. 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत किन्स्टन आणि इंग्लंडमध्ये विल्टन इथे मोठे कारखाने उभे राहिले.

आता दुसऱ्या तापमानाकडे येऊ. धातू किंवा मीठ वितळते तेव्हा सगळे एकदम वितळते. पॉलिएस्टरचे तसे नसते. त्याच्या साखळ्या पातेल्यातल्या शिजलेल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. काही भागांत त्या शिस्तीत रांगा लावतात, ते स्फटिक. बाकीचा भाग तसाच अस्ताव्यस्त राहतो. वितळणे हे फक्त स्फटिकांच्या नशिबी. अस्ताव्यस्त भागाला वितळायचे काही नसतेच. पण 75 अंशांच्या जवळपास त्याच्यात वेगळे काही घडते. त्याखाली साखळ्या जागच्या जागी थिजलेल्या असतात आणि पदार्थ काचेसारखा कडक राहतो. त्यावर गेले, की साखळ्यांचे छोटे छोटे भाग हलू-वळू लागतात आणि तोच पदार्थ रबरासारखा मऊ होतो. याला काच-संक्रमण म्हणतात. इथे बर्फाचे पाणी होताना लागते तशी एकगठ्ठा सुप्त उष्णता लागत नाही. पदार्थ एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता, म्हणजे त्याचा विशिष्ट उष्मा, एका पायरीने वाढतो, एवढेच. एवढी बारीक खूण टिपायची कशी, हा खरा प्रश्न होता.

1949 मध्ये ड्यूपाँच्या कोल्ब आणि इझार्ड यांनी पॉलिएस्टरचे आकारमान तापमानाबरोबर कसे वाढते हे मोजले. एका ठिकाणी त्या वाढीचा चढ बदलतो, तेच काच-संक्रमण. स्फटिक बनलेल्या नमुन्यात ते अस्फटिक नमुन्यापेक्षा काही अंश वर सरकते, हेही दिसले. स्फटिकांत अडकलेल्या साखळ्या शेजारच्या मोकळ्या साखळ्यांनाही जखडून ठेवतात. 1956 मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात माल्कम डोल आणि कार्ल स्मिथ यांनी याच प्लास्टिकचा विशिष्ट उष्मा बंदिस्त उष्मामापकात मोजला. काम अत्यंत विश्वासार्ह होते, पण त्याची रीत संथ होती. थोडी उष्णता द्यायची, तापमान स्थिरावण्याची वाट पाहायची, नोंद घ्यायची, पुन्हा थोडी द्यायची. एका नमुन्याला दिवस लागत. कारखान्यात रोज निघणाऱ्या धाग्याच्या रिळांना ही पद्धत लावणे अशक्य होते. म्हणजे हजारो टन पॉलिएस्टर बनत होते, पण ते आतून नेमके कसे आहे हे झटकन सांगणारे साधन नव्हते.

साधनाची कल्पना मात्र साठ-सत्तर वर्षे जुनी होती आणि ती आली मातीतून. 1887 मध्ये पॅरिसमध्ये आंरी ल शातलिए यांनी वेगवेगळ्या मात्या भट्टीत तापवल्या, प्लॅटिनमच्या तापयुग्माने त्यांचे तापमान पाहिले आणि ठरावीक अंतराने उडणाऱ्या ठिणगीच्या उजेडात ते फोटोच्या काचेवर उमटवले. मातीतले पाणी उडताना तापमान रेंगाळे, आणि काचेवरच्या रेघा एकमेकींजवळ येत. या रेघांवरून माती ओळखता येऊ लागली. पुढची महत्त्वाची भर 1899 मध्ये लंडनच्या शाही टांकसाळीतल्या विल्यम रॉबर्ट्स-ऑस्टिन यांनी घातली. एकाच भट्टीत त्यांनी दोन तुकडे ठेवले: एक तपासायचा, दुसरा तापवूनही न बदलणारा. दोन तापयुग्मे उलट जोडून त्यांनी दोघांच्या तापमानातला फक्त फरक मोजला. भट्टीचे स्वतःचे चढउतार त्यामुळे आपोआप वजा झाले आणि पोलादात होणारे सूक्ष्म बदल उघडे पडले. पुढची पन्नास वर्षे ही पद्धत मुख्यतः खनिजे आणि धातू तपासणाऱ्यांकडे राहिली. तिची उणीव एकच होती: बदल कुठे झाला हे ती सांगे, त्यात किती उष्णता गेली हे मात्र खात्रीने सांगत नसे.

ही उणीव भरून काढली अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात नॉरवॉक इथल्या पर्किन-एल्मर कंपनीतल्या इमेट वॉटसन आणि मायकेल ओ’नील यांनी. रॉबर्ट्स-ऑस्टिन यांनी दोन तुकड्यांच्या तापमानात फरक पडू दिला आणि तो मोजला. वॉटसन-ओ’नील यांनी फरक पडूच द्यायचा नाही असे ठरवले. दोन छोट्या वाट्या, प्रत्येकीखाली स्वतंत्र तापक आणि स्वतंत्र प्लॅटिनमचा तापमान-संवेदक. एक विद्युत मंडल दोन्ही वाट्यांना ठरलेल्या गतीने तापवत नेते. दुसरे सतत पाहते, की एक वाटी मागे पडत तर नाही ना. पडली, तर तेवढीच जास्तीची वीज तिला देते. नमुना वितळू लागला की त्याला जास्त उष्णता हवी असते, ती विजेने पुरवली जाते, आणि पुरवलेली वीज म्हणजेच वितळायला लागलेली उष्णता. वीज मोजणे सोपे, म्हणून उष्णता मोजणेही सोपे झाले. नमुना लागतो काही मिलिग्रॅम, ॲल्युमिनियमच्या बारीक वाटीत दाबून बसवलेला. मिनिटाला 10 किंवा 20 अंशांनी तापवले, की अर्ध्या तासात सारा आलेख हाती. यंत्राची खातरजमा इंडियम धातूने होते; तो 156.6 अंशांना वितळतो आणि ग्रॅममागे सुमारे 28.5 जूल घेतो.

1963 च्या मार्चमध्ये पिट्सबर्गच्या परिषदेत त्यांनी हे यंत्र मांडले. 1964 मध्ये ‘ॲनालिटिकल केमिस्ट्री’ या नियतकालिकात त्यांचा सविस्तर निबंध आला आणि 1966 मध्ये पेटंट मिळाले. यंत्राला त्यांनी ‘डिफरन्शिअल स्कॅनिंग कॅलरीमीटर’ असे नाव दिले. जगभरच्या प्रयोगशाळांत ते ‘डीएससी’ म्हणूनच ओळखले जाते. 1965 मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबरडीन इथे औष्णिक विश्लेषणाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा मातीवाले, धातूवाले आणि प्लास्टिकवाले पहिल्यांदाच एका छपराखाली आले.

अशा यंत्रात पॉलिएस्टरच्या बाटलीच्या कच्च्या मालाचा वितळवून झटकन थंड केलेला पारदर्शक तुकडा टाकला तर काय दिसते? आलेख सरळ चालत येतो. 75 अंशांजवळ एक छोटी पायरी: काच-संक्रमण. पुढे 130-140 अंशांच्या आसपास एक उलटी टेकडी. इथे नमुना उष्णता घेत नाही, बाहेर टाकतो. कारण झटकन थंड करताना ज्या साखळ्यांना रांगा लावायला वेळच मिळाला नव्हता, त्यांना आता हालचाल करता येते; त्या राहून गेलेले स्फटिक बनवून टाकतात. आणि शेवटी 250 अंशांच्या आसपास मोठी टेकडी, स्फटिक वितळण्याची. तोच तुकडा सावकाश थंड केलेला असेल, तर मधली उलटी टेकडी नाहीशी होते आणि सुरुवातीची पायरी बुटकी होते. रासायनिक विश्लेषणात दोन्ही तुकडे तंतोतंत सारखे. डीएससीत ते वेगळे दिसतात, कारण हे यंत्र पदार्थाची जडणघडण वाचते, त्याच्यावर आजवर कोणती उष्णता कशी गेली ते वाचते.

आकडेही निघतात. पूर्ण स्फटिक पॉलिएस्टरचा एक ग्रॅम वितळायला सुमारे 140 जूल लागतात, असे धरतात. असे मूळ आकडे अनेक प्लास्टिकांसाठी गोळा करण्याचे मोठे काम बर्नहार्ड वुंडरलिश या जर्मनीत जन्मलेल्या अमेरिकी शास्त्रज्ञाने आयुष्यभर केले. नमुन्याने 42 जूल घेतले, आणि तापवताना नवे स्फटिक बनले नसतील, तर तो 30 टक्के स्फटिक आहे. साधे त्रैराशिक. पण या त्रैराशिकाने कारखानदारीतले तर्कवितर्क थांबवले.

कापडाचेच उदाहरण घ्या. पॉलिएस्टरचे कापड आटू नये म्हणून ते ताणून 180 ते 210 अंशांच्या गरम हवेतून नेतात. नेमके किती तापले, सगळीकडे सारखे तापले का, हे डोळ्यांनी कळत नाही, आणि पुढे रंग डागाळला की कापड टाकून द्यावे लागते. जर्मनीतल्या बर्न्ट आणि बॉसमन यांनी 1976 मध्ये दाखवले, की मोठ्या टेकडीच्या आधी आलेखावर एक लहानसा उंचवटा येतो आणि त्याची जागा कापडाने पूर्वी सोसलेल्या तापमानानुसार सरकते. तापवण्याच्या यंत्राबाहेर पडून कितीतरी काळ लोटलेल्या कापडाच्या चिमूटभर धाग्यांवरून त्या दिवशीचा ताव वाचता येतो. औष्णिक विश्लेषणाच्या साऱ्या इतिहासात मला हा प्रयोग सर्वांत देखणा वाटतो.

रंगाईतही काच-संक्रमणच आडवे येते. धागा थिजलेला असेतोवर रंगाचे रेणू आत शिरत नाहीत. म्हणून पॉलिएस्टर बंद भांड्यात, दाबाखाली, 130 अंशांच्या पाण्यात रंगवावे लागते. उलट, घरच्या धुण्याच्या पाण्यात 75 अंश सहसा गाठले जात नाहीत, म्हणून टेरिलीनच्या पँटची घडी कितीही धुतली तरी टिकते.

बाटलीची गोष्ट या ज्ञानाशिवाय झालीच नसती. चित्रकार अँड्र्यू वायेथ यांचे बंधू नॅथॅनिएल वायेथ ड्यूपाँमध्ये अभियंता होते. फसफसणारे पेय प्लास्टिकच्या बाटलीत भरता येईल का, या प्रश्नाने त्यांना घेरले. साबणाच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत पेय भरून त्यांनी ती फ्रिजमध्ये ठेवली. ती फुगून बेढब झाली. उपाय होता साखळ्यांना दोन्ही दिशांनी ताणून बसवण्याचा. परीक्षानळीसारखा जाड तुकडा साच्यात ओतून झटकन थंड करायचा, म्हणजे तो पारदर्शक राहतो. मग तो 100 अंशांच्या आसपास तापवायचा, म्हणजे काच-संक्रमणाच्या वर आणि आपोआप स्फटिक बनू लागण्याच्या खाली, आणि त्या अरुंद पट्ट्यात असतानाच सळईने लांब करून हवेने फुगवायचा. पट्टा चुकला आणि तापमान वर गेले, की बाटली दुधाळ होते. खाली राहिले, की फुगतच नाही. वायेथ यांना 1973 मध्ये पेटंट मिळाले आणि त्या दशकाच्या अखेरीला शीतपेयांच्या दोन लिटरच्या बाटल्या अमेरिकी दुकानांत दिसू लागल्या. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कढत पाणी ओतल्यावर ती आक्रसून वाकडी होते, त्याचे कारणही हेच: 75 अंश ओलांडताच ताणून बसवलेल्या साखळ्या मूळ वळणावर परततात. गरम रस भरायच्या बाटल्या म्हणून वेगळ्या, तापलेल्या साच्यात घडवतात.

पॉलिएस्टरचा धागा महाराष्ट्रात लवकर पोहोचला. ठाण्यात आयसीआयशी संबंधित केमिकल्स अँड फायबर्स ऑफ इंडिया या कंपनीने ‘टेरीन’ नावाने पॉलिएस्टर धागा काढला. टेरिलीनचा सदरा ही तेव्हाच्या मध्यमवर्गीय घरात मिरवायची वस्तू होती, कारण तो रात्री धुतला की सकाळी बिनइस्त्रीचा घालता येई. 1982 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या पाताळगंगा इथे रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना ड्यूपाँच्या तंत्रज्ञानावर सुरू झाला. त्याच वर्षी 18 जानेवारीला मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला होता. गिरण्या पॉलिएस्टरने बुडवल्या असे म्हणणे चुकीचे ठरेल. मालकांचे धोरण, जमिनींचे भाव, यंत्रमाग अशी अनेक कारणे होती. पण भिवंडी आणि सुरतच्या यंत्रमागांना जो स्वस्त, एकसारखा, न तुटणारा धागा मिळत गेला तो हाच, आणि सुतावर जगणाऱ्या गिरणगावाला तो परवडणारा प्रतिस्पर्धी नव्हता. या बाजूने गिरण्यांच्या इतिहासाकडे फार कमी पाहिले गेले आहे. संशोधनाच्या बाजूने, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रघुनाथ माशेलकर, एस. शिवराम यांच्यासारख्यांनी पॉलिमरशास्त्राची भक्कम परंपरा उभी केली आणि भारतीय औष्णिक विश्लेषण संस्थेला मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा आधार मिळाला.

आज डीएससीला मोठे काम आहे ते टाकलेल्या बाटल्यांच्या ढिगाऱ्यात. गोळा झालेल्या चुऱ्यात झाकणांचे पॉलिप्रॉपिलीन मिसळले असेल, तर 165 अंशांजवळ एक परकी टेकडी उगवते; पॉलिइथिलीन असेल, तर त्याच्याही अलीकडे, 130 अंशांच्या आसपास किंवा खाली. ओलसर चुरा वितळवला तर पाण्याने साखळ्या तुटतात, आखूड साखळ्या थंड होताना लवकर रांगा लावतात, आणि तेही आलेखावर दिसते. महाराष्ट्राने 2018 मध्ये प्लास्टिकबंदीच्या नियमांत बाटल्यांसाठी ठेव-परताव्याची तरतूद केली तेव्हा चर्चा बाटल्या गोळा करण्यापुरतीच राहिली. गोळा केलेला माल पुन्हा बाटली होण्याच्या लायकीचा आहे की नाही हे तपासण्याची सोय गोळा करणाऱ्यांच्या आवाक्यात येईपर्यंत अशी कोणतीही योजना अर्धीच राहील.

द्रवणांकाचे शास्त्र आता बऱ्यापैकी पक्के आहे. काच-संक्रमणाचे नाही. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांनी 1995 मध्ये काचेच्या स्वरूपाचा प्रश्न घनपदार्थांच्या सिद्धान्तातला बहुधा सर्वांत सखोल अनुत्तरित प्रश्न ठरवला होता. बाटलीच्या तुकड्यावरची ती 75 अंशांची पायरी आज महाविद्यालयातला विद्यार्थीही अर्ध्या तासात मोजतो. ती तिथे का येते याचा सर्वमान्य सिद्धान्त अजून झालेला नाही.